पोलीस पडताळणीत नेमकं काय बघतात? गोव्यातल्या सरकारी, पालिका आणि पंचायत नोकरीसाठी

गोवा सरकारच्या राजपत्रातले नेमणुकीचे आदेश चाळले तर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतो. उमेदवार वैद्यकीय तपासणीत पात्र ठरला आहे, त्याचं चारित्र्य आणि पूर्ववृत्त अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत तपासलं आहे आणि सरकारच्या नजरेस प्रतिकूल काही आलेलं नाही. तपासणी व्हायची असेल तर शब्द बदलतात: नेमणूक पडताळणीच्या अधीन राहील आणि प्रतिकूल काही आढळल्यास सेवा संपुष्टात आणली जाईल. ऑर्डर हातात पडल्याच्या आनंदात या ओळीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

खटला असूनही सरकारी नोकरी मिळू शकते. खटला लपवला तर मिळालेली नोकरी जाऊ शकते, काही वर्षं पगार घेतल्यावरसुद्धा. पडताळणीचा फॉर्म भरताना हा फरक डोक्यात पक्का हवा.

तपासतं कोण, ठरवतं कोण

"पोलिसांनी अडवलं" असं लोक सहज बोलतात. पोलीस कुणाला पास करत नाहीत की नापास करत नाहीत. ते आपल्याकडच्या नोंदी बघून अहवाल देतात. घ्यायचं की नाही हे नेमणूक करणारा अधिकारी ठरवतो. राजपत्रित पदांसाठी गोवा लोकसेवा आयोग निवड करतो, खात्यांमधल्या 'क' गटाच्या पदांसाठी २०१९ च्या कायद्याने आलेला गोवा कर्मचारी निवड आयोग. पण आयोगाचं काम शिफारशीपर्यंत. ऑर्डर खातं काढतं, आणि चारित्र्याचा प्रश्नही खात्याच्याच टेबलावर सुटतो.

स्थानिक संस्थांत थोडा गोंधळ होतो, कारण एकाच इमारतीत बसणाऱ्या माणसांचे मालक वेगळे असतात. पंचायत सचिव हा पंचायत संचालनालयाचा माणूस. पंचायतीचा स्वतःचा कारकून आणि शिपाई पंचायतीचा. कचरा उचलणारे कामगार अनेक ठिकाणी ठेकेदाराचे. दारावरचा सुरक्षा रक्षक गोवा मानव संसाधन विकास महामंडळाचा किंवा खासगी एजन्सीचा. खासगी सुरक्षा एजन्सींवर तर २००५ च्या केंद्रीय कायद्यानेच रक्षकाचं चारित्र्य तपासून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा "माझी पडताळणी कुठे अडली?" हा प्रश्न विचारण्याआधी आपला नेमणूक अधिकारी कोण ते ऑर्डरच्या खालच्या सहीवरून बघून घ्यावं. भलत्या कचेरीत खेटे घालण्यात महिना जातो.

कागदाचा प्रवास साधारण असा: निवड झाली की खातं ऑफर देतं, सोबत ॲटेस्टेशन फॉर्म, म्हणजे स्वतःची माहिती लिहून द्यायचा पडताळणीचा फॉर्म. तो भरून, फोटो लावून परत दिला की खातं तो जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतं, तिथून पोलिसांकडे, तिथून तुमच्या पत्त्याच्या पोलीस स्थानकात. अहवाल त्याच वाटेने उलटा येतो. उमेदवार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात राहिलेला असेल तर तिथेही वेगळं पत्र जातं, आणि वेळ खाते ती बहुतेक हीच पायरी.

किती वेळ लागावा यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, सगळ्या राज्यांच्या पोलिसांना निर्देश दिले: चारित्र्य, पूर्ववृत्त, राष्ट्रीयत्व आणि कागदपत्रांचा खरेपणा यांची चौकशी नियमात ठरलेल्या मुदतीत, आणि कसंही करून नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पूर्ण करा. त्या कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या तोंडावर पडताळणीच्या कारणाने घरी पाठवलं होतं. कागद रेंगाळत असेल तर खात्याला लिहिताना या निर्देशाचा उल्लेख जरूर करावा.

फॉर्म शांतपणे भरा

ॲटेस्टेशन फॉर्म म्हणजे नाव-गाव-फळ-फूल नव्हे. केंद्र सरकारच्या नमुन्यात, आणि त्यावर बेतलेल्या इतर नमुन्यांत, गेल्या पाच वर्षांत जिथे सलग वर्षभराहून अधिक राहिलात ते प्रत्येक ठिकाण तारखांसह मागितलेलं असतं. वयाच्या पंधराव्या वर्षापासूनच्या शाळा-कॉलेजांची नावं, आधीच्या नोकऱ्या आणि त्या सोडण्याची कारणं, ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्ती हेही असतं. मग येतो तो मुख्य रकाना: कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्र लिहून घेतलं होतं का, न्यायालयाने दंड केला होता का, दोषी ठरवलं होतं का, विद्यापीठाने किंवा लोकसेवा आयोगाने परीक्षेला बसायला बंदी घातली होती का, आणि आज कुठे काही प्रलंबित आहे का.

हे आठ वेगळे प्रश्न आहेत. बहुतेकांच्या डोक्यात त्यांचा एकच प्रश्न होतो, "तू गुन्हेगार आहेस का?", आणि हात आपसूक "नाही" लिहितो.

पत्त्यांच्या बाबतीत गोव्यात एक खास अडचण आहे. नोकरीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदाराकडून घेतलेला असतो. त्याच फाइलमध्ये ॲटेस्टेशन फॉर्म बसतो, आणि त्यात तीन वर्षं पुण्यात शिकायला किंवा दोन वर्षं कुवेतला कामाला असल्याचं लिहिलेलं असतं. किंवा उलट: दाखल्याशी जुळावं म्हणून उमेदवार बाहेरची वर्षं गाळून टाकतो आणि पदवीचं प्रमाणपत्र त्याची चुगली करतं. बाहेर होतात तर तसं दोन्हीकडे लिहा, कारणासह. आखातात किंवा बोटीवर काम केलेल्यांनी कराराच्या आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांना तिथल्या वास्तव्याचा तपशील द्यावा लागतो आणि त्या देशातला पोलीस दाखला मागितला जाऊ शकतो. नोकरी सोडून गावी परतल्यावर तो मिळवणं जड जातं. तिथे असतानाच काढलेला बरा.

राष्ट्रीयत्वाचा रकानाही इथे नुसता सोपस्कार नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परक्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. नंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) घेतलं तरी सरकारी पदावर नेमणुकीचा हक्क त्याने येत नाही, केंद्र सरकारने खास परवानगी दिलेल्या जागा सोडून. घरात कुणी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी पोर्तुगालमध्ये नोंदणी केलेली असेल तर आपल्या नावाचं नेमकं काय झालं आहे, हे फॉर्म भरण्याआधी वकिलाला दाखवून घ्या.

"नाही" लिहिण्याआधी हे आठवून बघा

सर्वांत जास्त विसरली जाते ती चॅप्टर केस. जत्रेत, फुटबॉलच्या सामन्याला किंवा निवडणुकीच्या रात्री दोन गटांत बाचाबाची झाली, पोलिसांनी दोन्हीकडच्या पोरांना उचललं आणि शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेऊन सोडलं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ आणि १५१ खाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं १२६ आणि १७० लागू आहेत. प्रकरण चालतं ते उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदारापुढे, कारण कार्यकारी दंडाधिकारी ते असतात. कोर्टाची पायरी चढलेली नसल्यामुळे माणसाला वाटतं की केस झालीच नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोधलं तरी काही सापडत नाही. पोलीस स्थानकातल्या नोंदवहीत मात्र ती असते, आणि फॉर्मवर बंधपत्राचा प्रश्न स्वतंत्र विचारलेला असतो. ही शिक्षा नाही, दोषसिद्धी नाही. लिहिली तर सहसा कुणी नोकरी नाकारत नाही. न लिहिता सापडली तर तीच गोष्ट "माहिती दडवली" या नावाने पुढे येते.

दुसरा सापळा कबुलीचा. किरकोळ प्रकरणात तारखांना कंटाळलेल्या माणसाला कुणीतरी सल्ला देतं, "कबूल कर, शे-दोनशे दंड भर, विषय संपव." विषय संपतो खरा, पण दोषसिद्धीने संपतो. गुन्हा कबूल करून भरलेला दंड हा न्यायालयाने दोषी ठरवून केलेला दंड असतो. विशीतल्या मुलाने वर्षभराच्या तारखा चुकवण्यासाठी केलेला हा सौदा तिशीत नेमणुकीच्या वेळी उभा राहतो. सरकारी नोकरीची आशा असलेल्याने कबुली देण्यापूर्वी आपल्या वकिलाला हे स्पष्ट विचारावं: तडजोडीने मिटणारा गुन्हा आहे का? असेल तर तक्रारदाराशी रीतसर तडजोड करून ती न्यायालयात नोंदवली की कायद्याच्या भाषेत तिचा परिणाम निर्दोष सुटण्याचा असतो. खर्च जवळपास तेवढाच, वेळ जरा जास्त, आणि पुढच्या आयुष्यावरचा फरक प्रचंड.

वाहतुकीचं काय? हेल्मेटचं किंवा सिग्नलचं चलन ऑनलाइन भरलं तर ती मोटार वाहन कायद्याखालची तडजोड असते, दोषसिद्धी नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ मात्र त्या तडजोडीच्या यादीत नाही. ते न्यायालयातच जातं, आणि तिथला दंड फॉर्मवर लिहावा लागतो. अपघातात कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर निष्काळजीपणाचा गुन्हा वेगळा नोंद होतो. आपली चूक नव्हती असं कितीही वाटलं तरी तोही लिहायचा.

अटक झाली पण आरोपपत्र आलं नाही, पोलिसांनी 'सी समरी' देऊन फाइल बंद केली, अशा प्रकरणात खटल्याच्या रकान्यात "नाही" बरोबर आहे. अटकेच्या रकान्यात "हो". उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला असेल तरी "कधी" हा शब्द प्रश्नात असेल तर "हो" लिहून पुढे रद्द झाल्याचा आदेश जोडावा. अदखलपात्र तक्रार, म्हणजे एन.सी., ही नुसती नोंद असते. तिच्यातून अटक, खटला, दंड काहीच निघालं नसेल तर वरच्या प्रश्नांत ती येत नाही.

आणि आंदोलनं. रस्ता अडवणं, जमावबंदी मोडणं, कचेरीवर मोर्चा. गावासाठी केलं म्हणून ते मोजलं जात नाही अशी समजूत आहे. मोजलं जातं. पण यावर न्यायालयाची नजर सौम्य आहे. त्याकडे खाली येतोच.

आपली नोंद आधीच बघायची असेल तर ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडून "प्रलंबित" आणि "निकाली" दोन्ही तपासा. म्हापसा, पणजीचं काम चालतं ते मेरशीचं संकुल, फोंडा, डिचोली, मडगाव, वास्को, केपे, काणकोण, जिथे जिथे संबंध आला असेल तिथे वेगवेगळं बघावं लागतं. प्राथमिक माहिती अहवाल पोलिसांनी संकेतस्थळावर टाकावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, संवेदनशील गुन्हे वगळून. चॅप्टर केससाठी पोलीस स्थानक आणि उपजिल्हाधिकारी कचेरी हेच दोन पत्ते.

"हो" लिहिलं की जागा पुरत नाही. वेगळा कागद जोडा: गुन्हा क्रमांक, पोलीस स्थानक, कलमं, न्यायालय, खटला क्रमांक, आजची स्थिती, निकालाची तारीख. सोबत निकालाची प्रमाणित प्रत. ती न्यायालयाच्या कॉपिंग शाखेतून मिळते. जुनं प्रकरण असेल तर फाइल शोधायलाच काही आठवडे जातात, त्यामुळे निवड यादीत नाव येण्याची वाट बघत बसू नका. जितक्या प्रती मागितल्या तितक्या सगळ्या एकसारख्या भरा आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. पुढे वाद झाला तर तुम्ही काय लिहिलं होतं हे सांगणारा घरातला तो एकच कागद.

पोलीस काय करतात

स्थानकात गुन्ह्यांच्या नोंदी आणि सीसीटीएनएस ही संगणकीय प्रणाली बघतात, प्रतिबंधक कारवायांची नोंद बघतात, पत्त्यावर शिपाई पाठवून तुम्ही तिथे राहता का याची खात्री करतात. शेजाऱ्यांना विचारणंही चालतं. वाड्यावर सगळेच सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे जमिनीच्या भांडणातला शेजारी काहीबाही सांगेल ही भीती लोकांना असते. ऐकीव गोष्टीवर अहवाल टिकत नाही, नोंद लागते. मात्र दार बंद दिसलं आणि "दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही" असा शेरा पडला तर फाइल मागे येते. कामासाठी पणजीत खोली घेऊन राहणाऱ्याने पेडण्याचा पत्ता दिला असेल तर घरच्यांना सांगून ठेवावं आणि दोन्ही पत्ते फॉर्मवर लिहावेत.

घरी आलेल्या माणसाला पैसे द्यायचे नसतात. सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं २०२४ च्या अखेरीस गोव्यात गाजली. "पडताळणी मॅनेज करतो" हे त्याच जातीचं आश्वासन आहे.

नावातली गफलत ही गोव्याची जुनी डोकेदुखी. एका गावात एकाच नावाचे चार गावकर किंवा नाईक असणं नवलाचं नाही, आणि एकाच घरात देसाई एका 'एस'चा आणि दोन 'एस'चा असा दोन्ही सापडतो. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. यातून दोन उलट चुका होतात: दुसऱ्याची केस तुमच्या नावावर चढते, किंवा तुमचीच केस वेगळ्या नावामुळे आता सापडत नाही आणि नंतर सापडते. पहिल्या चुकीवर उपाय म्हणजे वडिलांचं नाव आणि जन्मतारीख पूर्ण देणं. अहवालात परक्याची केस आली तर त्या खटल्यातल्या आरोपीचं वय, वडिलांचं नाव आणि पत्ता दाखवणारी प्रमाणित प्रत काढून खात्याला द्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंनी माहेरचं नावही लिहावं. नाव रीतसर बदललं असेल, तर त्याची कागदपत्रं जोडावीत.

अहवाल प्रतिकूल आला तर

इथे दिशादर्शक निकाल आहे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा, २१ जुलै २०१६ चा. आधीच्या निकालांत कधी कडक तर कधी मऊ अशी ओढाताण होती. ती संपवून न्यायालयाने सूत्रं घालून दिली. त्यांचा गाभा सांगायचा तर: उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी. तरुण वयात घोषणा दिल्यासारखं क्षुल्लक प्रकरण दडवलं असेल तर मालक ते माफ करू शकतो. क्षुल्लक नसलेल्या प्रकरणात शिक्षा झाली असेल तर उमेदवारी रद्द करू शकतो. गंभीर किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात माणूस तांत्रिक कारणाने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटला असेल तर "सुटलो ना" एवढ्याने काम भागत नाही, खातं सगळी वस्तुस्थिती बघू शकतं. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी अशी सक्तीही खात्यावर नाही.

उमेदवाराच्या बाजूचे तीन मुद्दे त्याच निकालात आहेत, आणि ते कमी लोकांना माहीत असतात. प्रश्न मोघम असेल तर न विचारलेली गोष्ट सांगितली नाही म्हणून दोष देता येत नाही. क्षुल्लक स्वरूपाचा खटला प्रलंबित असल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. आणि सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला माहिती दडवल्याच्या आरोपावरून काढायचं तर आधी खात्यांतर्गत चौकशी हवी.

त्यानंतर मे २०२२ मध्ये पवन कुमार प्रकरणात न्यायालयाने रेल्वे सुरक्षा दलाच्या कॉन्स्टेबलला परत घ्यायला लावलं आणि सांगितलं की दडवलं एवढ्यावरून डोळे मिटून काढता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सतीश चंद्र यादव प्रकरणात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानाची बडतर्फी कायम ठेवली. गणवेशाच्या नोकरीत फूटपट्टी कडक असते. गोवा पोलीस, अग्निशमन, वनरक्षक यांच्या उमेदवारांनी सौम्य निकालांवर विसंबू नये.

प्रत्यक्षात करायचं काय? नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर, कागदांसह. नोटीस न देताच रद्द केलं तर बाजू ऐकून घेतली नाही हाच पहिला मुद्दा. कारण सांगितलं नसेल तर माहिती हक्काखाली खात्याला अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. शेवटी पर्वरीला उच्च न्यायालयात रिट याचिका. "प्रकरण प्रलंबित" एवढा शेरा बघून कलम काय, आरोप काय, पद कोणतं याचा विचारच न करता कारकुनाने टिपणी लिहिलेली असेल तर असे आदेश तिथे टिकणं कठीण असतं. जाता जाता: प्रलंबित खटला असलेला माणूस पंच म्हणून निवडून येऊ शकतो, त्याच पंचायतीत शिपाई होताना मात्र त्याला तो खटला समजावून सांगावा लागतो.

अठराच्या आतली प्रकरणं वेगळी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता लागत नाही आणि नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या असतात. अपवाद एकच: सोळा पूर्ण झालेल्या मुलावर जघन्य गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला असेल तर. फॉर्ममध्ये असं जुनं प्रकरण कसं हाताळावं यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा, पण त्यावरून नोकरी नाकारली तर कायदा स्पष्टपणे उमेदवाराच्या बाजूने आहे.

फॉर्म दिल्यानंतर काही घडलं तर? केंद्राच्या नमुन्यातच टीप आहे: नंतर अटक, शिक्षा वगैरे झाल्यास लगेच कळवा, नाही तर ते माहिती दडवणं समजलं जाईल. ऑर्डर यायला चार महिने लागले आणि त्या काळात चतुर्थीला भांडण होऊन गुन्हा नोंद झाला, तर तो कळवणं तुमचं काम.

पीसीसी म्हणजे ही पडताळणी नव्हे

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट तुम्ही स्वतः अर्ज करून घेता. वरची पडताळणी खातं करवून घेतं आणि तिचा अहवाल तुमच्या हातात येत नाही. पीसीसीतही दोन प्रकार: परदेशी नोकरी किंवा दीर्घ व्हिसासाठीचं पासपोर्ट कार्यालयातून मिळतं, इथल्या कामासाठीचं गोवा पोलिसांकडून. पंचायतीने पीसीसी मागितलं आणि उमेदवार पासपोर्ट कार्यालयाची वेळ घेऊन बसला, हे नेहमीचं. अर्जात कारण नेमकं लिहा, कारण दाखल्यावर तेच छापलं जातं, आणि एका कामासाठी काढलेला दाखला दुसरं कार्यालय नाकारू शकतं. किती जुना चालेल तेही मागणाऱ्यालाच विचारा.

स्वयंसेवक

बिनपगारी माणसाची तपासणी कशाला, हा प्रश्न पंचायतीत हमखास निघतो. एका सकाळच्या किनारा सफाईला येणाऱ्या पन्नास जणांकडून पीसीसी मागणं निरर्थक आहे, नाव आणि फोन नंबर पुरे. मुलांना फुटबॉल शिकवणारा, सुट्टीतल्या शिबिराला येणारा, वाचनालयात संध्याकाळी बसणारा, एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे औषधं पोचवणारा यांचं तसं नाही. पगार किती मिळतो याला महत्त्व नाही. दुबळ्या माणसासोबत एकटं राहायला मिळतं का, एवढं बघायचं.

मुलांच्या बाबतीत कायदा आहे. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी अशा, मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे. नियमातला शब्द कर्मचारी असा आहे, स्वयंसेवक उघडपणे त्यात नाही. पण मैदानावर शिट्टी वाजवणारा पगारी आहे की हौशी, हे आठ वर्षांच्या मुलाला कळत नाही. संस्थेने दोघांना एकच नियम लावणं शहाणपणाचं. गोव्यात तर मुलांसाठीचा स्वतःचा कायदा २००३ पासून आहे, स्वतंत्र बाल न्यायालयासह. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र स्वयंसेवकांचं नाव घेतो: बिनपगारी काम करणारी व्यक्तीही त्यात कर्मचारी आहे.

पंचायतीने किंवा क्लबने करायचं असं: भूमिका लिहून काढा, कुठल्या भूमिकेला दाखला लागेल ते आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा, सरपंचांच्या भाच्यालासुद्धा. लेखी घोषणापत्र घ्या. प्रश्न नेमके विचारा, "गुन्हेगारी पार्श्वभूमी आहे का?" असा गोल नको. पीसीसी मागा. आधी जिथे शिकवलं तिथल्या दोघांना स्वतः फोन करा, पत्रावर भागवू नका.

दाखला स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. तो फक्त नोंद झालेल्या गोष्टी सांगतो, आणि मुलांविरुद्धचे कित्येक प्रकार नोंदच होत नाहीत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना बघता येते, क्लबला नाही. त्यामुळे खोलीत एका मुलासोबत एकच मोठा माणूस नसावा, सरावाला दोन जण असावेत, सामन्याला नेताना पालकांच्या गटाला कळवलेलं असावं, हे नियम दाखल्याइतकेच गरजेचे आहेत आणि त्यांना पैसाही लागत नाही.

जमा झालेले दाखले कपाटात, कुलपात. कुणाच्या दाखल्यावर काही निघालं तर ते सचिव आणि ठरवून दिलेला एखादा सदस्य यांच्यापलीकडे जाऊ नये. फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकणं हा बदनामीचा दावा ओढवून घेण्याचा मार्ग आहे. भूमिका नाकारली तर लेखी कारण द्या, समोरच्याला आपली बाजू मांडू द्या. आणि ज्याला घेतलं त्याचा दाखला कधी पुन्हा मागायचा ती तारीख नोंदवहीत त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण नियमाने सांगितलेली तपासणी एकदाच करून भागत नाही.